श्रावणातलं पित्त

आमच्याकडे मुनगा दारात लावत नाहीत. मुनगा म्हणजे बाकीचा महाराष्ट्र ज्याला शेवगा म्हणतो तो. लावला की घराची वाताहत होते, असं माझी सासू म्हणायची आणि माझी आईही म्हणायची. त्या दोघींचं आयुष्यात दुसऱ्या कशावरच एकमत झालं नाही, पण मुनग्यावर झालं होतं. तरी आमच्या ह्यांनी लावलाच. सक्करदऱ्याकडच्या आमच्या घराचा गिलावा अजून ओला होता, फरशी बसायची होती, आणि हा माणूस गावाहून मनगटाएवढी जाड फांदी स्कूटरवर पायात उभी धरून घेऊन आला. मी म्हटलं, "काहो, राहाले येण्याच्या आधीच घर बुडवता का?" तर म्हणाले, "दारात कुठं लावून राहिलो? मागं लावतो." आणि मागच्या अंगणात, मोरीचं पाणी जिथून वाहतं तिथे खोचून दिली.

मी शाळेत मास्तरीण होते. लिहायला बसले की पुस्तकातलं मराठी आपोआप येतं, पण तोंडात आयुष्यभर मले-तुलेच राहिलं. ह्यांची तर नोकरीच शहराबाहेर वाडीच्या गोडाऊनमध्ये, दिवसभर ट्रकवाले आणि हमाल ह्यांच्यात. त्यामुळे घरात हिंदी, मराठी आणि माझी कटकट असा कारभार होता. हे फार बोलत नसत. मी दोघांच्या वाटचं बोलत असे.

फांदी लागली. मुनगा लागतोच म्हणा, त्याला काही कौतुक लागत नाही. बघता बघता स्लॅबच्या वर गेला. उन्हाळ्यात शेंगा अशा लागायच्या की आजूबाजूच्या घरांत आठवडाभर मुनग्याचंच वरण. नोकरी संपल्यावर ह्यांनी त्याच्याखाली प्लास्टिकची खुर्ची टाकली ती उचललीच नाही. पेपर तिथे, चहा तिथे. मी म्हणायची, "आता पाटही तिथंच मांडते, जेवा झाडासंगं." हे नुसते हसायचे. त्या हसण्याचा मला राग यायचा, कारण भांडायला समोर कोणी तरी लागतं नं!

मागच्या पौषात हे गेले. सकाळी चहा मागितला, मी आलं किसून चहा घेऊन येईपर्यंत गेले होते. रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं, पण ते आपलं मनाच्या समाधानासाठी. नंतर कपडे देऊन टाकले, चष्मा कुठे ठेवायचा ते कळेना म्हणून तो फ्रिजवरच राहिला, स्कूटर पुतण्या घेऊन गेला. मुलगी तेरा दिवस राहून पुण्याला परत गेली. मग घरात मी आणि मागे ते झाड. ह्यांच्या हातचं, जिवंत असं, तेवढं एकच उरलं होतं. फाल्गुनात त्याला फुलं आली तेव्हा मी खरंच त्याच्याशी बोलले. म्हटलं, तू तरी न सांगता जाऊ नको बाप्पा.

आता श्रावणाचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं.

ह्यांच्या घरची एक रीत होती. श्रावणात जीव मारायचा नाही. मटण-मासे तर सोडाच, ते पुष्कळ लोक सोडतात. ह्यांच्याकडे मुंगीसुद्धा फुंकर मारून बाजूला करायची. झुरळ दिसलं तर झाडूवर घेऊन बाहेर. "एक महिना तं सुखानं जगू द्या त्याइले," असं हे म्हणत. आणि श्रावण संपल्याबरोबर उंदराचा पिंजरा लावणारेही हेच! मी त्यावरून ह्यांना किती चिडवलं असेल. "उंदराले कॅलेंडर देऊन ठेवा एक," म्हणायची. मी स्वतः असली सोवळी नव्हते. माझी चप्पल बारा महिने चालायची.

ह्यांच्या श्रावणाची दुसरी गोष्ट म्हणजे पित्त. दर श्रावणात ह्यांच्या हातांवर, कोपरापर्यंत, गांध्या उठायच्या. लाल लाल, खाजऱ्या. मानेवरही कधीकधी. मला ठाऊक होतं कशाचं ते. उपासाला साबुदाण्याची उसळ, त्यात मूठ मूठ शेंगदाणे, वरून भगर, मग पित्त नाही तर काय होणार? मी आमसूल कोळून हाताला चोळायची, सार करून प्यायला द्यायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. "जिभेले आवर नाही, अन् म्हणे उपास!" हे हात पुढे करून गप बसायचे. चोळून झालं की म्हणायचे, "बरं वाटते." असं वर्षानुवर्षं चाललं.

यंदाच्या श्रावणात, ह्यांच्या मागे पहिल्याच, मी ठरवलं की ह्यांची रीत मी पाळायची. कोणी सांगितलं नव्हतं. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तुझा कधी विश्वास होता का त्याच्यावर?" म्हटलं, विश्वासाचं काय करायचं आहे, ह्यांचा महिना आहे आणि तो ह्यांच्यासारखा जाऊ दे. चप्पल हातात घेतली नाही. स्वयंपाकघरात मुंग्यांची रांग लागली तर साखरेचा डबा मी हलवला, मुंग्या हलवल्या नाहीत. मलाच माझं नवल वाटत होतं.

आणि नेमक्या त्याच वेळी अळ्या आल्या.

मुनग्यावर केसाळ अळी पडते हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. सुरवंटच ते, राखाडी, बोटाएवढे, अंगभर केस. रात्री वर चढून पाला खातात आणि उजाडलं की खाली उतरून बुंध्यावर एकमेकांना चिकटून बसतात. लांबून बघितलं तर झाडाला कोणी घोंगडीचा तुकडा गुंडाळला आहे असं वाटतं. आधीच्या वर्षांत मी कधी एवढे बघितले नव्हते. दोन-चार दिसायचे कधीमधी, बस. मी समजायची, आपल्या झाडाला लागत नाहीत फारसे. यंदा मात्र एका बाजूने बुंधा दिसेनासा झाला. सकाळी अंगणात गेले की फरशीवर काळ्या लेंड्यांचा सडा आणि वर फांद्यांना नुसते देठ.

मुलीला सांगितलं. तिने पुण्याहून निंबोळीच्या तेलाची बाटली पाठवली. पाण्यात टाक, साबणाचे थेंब टाक, फवार, असं सगळं नीट समजावलं. मी बाटली देवघराच्या खालच्या फळीवर ठेवली. म्हटलं, पोळा होऊ दे. पोळ्याला श्रावण संपतो, दुसऱ्या दिवशी मारबत, रोगराई हाकलायचा दिवस, त्या दिवशी बघते एकेकाला. ती म्हणाली, "आई, तोवर झाड राहील का?" मी म्हटलं, "मुनगा आहे तो, गुलाब नाही. फुटतो पुन्हा."

माझ्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. मुनगा फुटतोच. पण त्या रात्री मी दोनदा बॅटरी घेऊन झाड बघून आले, हेही खरं.

शेजारी एक जोडपं राहतं. नवरा नोकरीवाला, बायको घरी शिवण करते, चार वर्षांची पोर. मध्ये कमरेएवढी भिंत. तिला मी सूनबाई म्हणते, मोठी गुणाची, मला काकू म्हणते, कधी मोठ्या आवाजात बोलत नाही. ती एक दिवस भिंतीपाशी आली, पोरीला कडेवर घेऊन.

"काकू, त्या अळ्या भिंतीवरून इकडं येऊन राहिल्या. पोट्टीच्या मानेवर पहा नं कसं उठलं."

पोरीची मान लाल झाली होती, एक डोळा सुजलेला. मला भरून आलं. म्हटलं, "पोळ्यापर्यंत थांब माय. आमच्या ह्यांचा नेम आहे, श्रावणात जीव मारत नाहीत. मारबतीच्या दिवशी सगळ्या जाळून टाकते, शब्द देते तुले."

ती जरा घुटमळली. म्हणाली, "नाही काकू, मारा असं नाही म्हणत मी. काका असते तं..."

मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. माझं डोकंच फिरलं. "काका असते तं त्यांनीही हेच केलं असतं! तू मले नको शिकवू त्यांचं. चाळीस वर्षं संसार केला मी त्या माणसासंगं."

बिचारी "तसं नाही वं काकू," एवढं पुटपुटली आणि पोरीला घेऊन आत गेली. संध्याकाळी तिचा नवरा आला. तो तिच्यासारखा मऊ नाही. म्हणाला, "काकू, मान ठेवतो तुमचा. पण पोळ्यानंतर हे साफ नाही झालं, तं झाड तोडा लागन. लेकराच्या डोळ्याचा सवाल आहे." मी म्हटलं, होईल साफ. त्याचं काही चुकलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

मग मी दिवस ढकलले. रोज सकाळी उठून खिडकीतून बघायचं, आज किती पाला गेला. भिंतीवर आलेल्या अळ्या झाडूने आपल्या बाजूला ओढायच्या, की परत चढल्याच. बुंध्याला जुन्या कापडाची पट्टी बांधून तिला ग्रीस लावून बघितलं, म्हणजे वर चढणार नाहीत. पहिल्याच पावसात ग्रीस वाहून गेलं. शेवटच्या सोमवारी महादेवाच्या देवळात पाणी घालायला गेले, तिथे दर वर्षीच्या बाया भेटल्या. दर वर्षी मी श्रावणभर रोज सकाळी जायची आणि ह्यांना म्हणायची, चला देवळात. हे म्हणायचे, "तू जाऊन ये, मी आहे झाडापाशी." मी देवळातून तासाभराने परत यायची, गप्पा होतातच, तोवर ह्यांची आंघोळ झालेली, खुर्चीत पेपर. "देवाचं नाव नाही, झाडाचं बरं सुचते," असं म्हणून मी प्रसाद हातावर ठेवायची. यंदा प्रसाद घेऊन आले आणि कोणाच्या हातावर ठेवावा कळेना. खुर्चीवर ठेवला. तो कावळ्याने नेला.

पोळ्याच्या दिवशी झाडावर एक पान नव्हतं. पावसाळ्यात, सगळं हिरवं असताना, ते एकटं मे महिन्यातल्यासारखं उभं होतं. मी बाजारातून पळसाच्या फांद्या आणल्या, दाराशी ठेवल्या, पुरणाचा नैवेद्य केला. माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच उठले. आमच्याकडे त्या दिवशी पहाटे दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या उचलून बाहेर टाकतात, आणि जे जे घरात नको ते ओरडून सांगतात, माशा, मोंगसे, खोकला, रोगराई, घेऊन जा गे मारबत! शहरात आता मिरवणूकच मोठी, घराघरातलं ओरडणं कमी झालं. मी मात्र ओरडले. एकटीने, साठी उलटलेल्या बाईने, मागच्या अंगणात उभं राहून. "अळ्या घेऊन जा गे मारबत!" मग जळमटं काढायच्या बांबूला चिंध्या गुंडाळल्या. चिंध्या म्हणजे ह्यांच्या जुन्या बनियानी, फरशी पुसायला ठेवलेल्या. तळणीचं उरलेलं तेल ओतलं आणि पेटवलं.

निंबोळीचं तेल होतं की घरात. मुलीने एवढं समजावून पाठवलेलं. पण महिनाभर मी जो राग गिळला होता तो पाण्यात साबण कालवून शांत होण्यातला नव्हता. मला त्यांना जळताना बघायचं होतं. टेंभा बुंध्याला लावला. चर्र आवाज, घाण वास, अळ्या टपाटप खाली. पुष्कळशा तर आधीच पोट भरून मातीत गेल्या होत्या, ज्या उरल्या त्यांच्यावर मी सूड घेत होते. मी बुंध्याभोवती फिरत राहिले, वर, खाली, पुन्हा वर. केस जळून हवेत उडत होते, माझ्या हातांवर, गळ्यावर पडत होते, तिकडे लक्षच नव्हतं. लक्ष गेलं तेव्हा बुंध्याची साल सगळीकडून काळी पडून फुगली होती आणि तिच्यातून डिंक गळत होता. मुनग्याची साल किती नाजूक असते हे मला सांगायला नको होतं. शेंगा काढताना नख लागलं तरी उचकटते ती.

बैल गेला अन् झोपा केला म्हणतात. मी तर झोपाही पेटवून दिला.

दुपारपर्यंत माझ्या हातांची आग आग व्हायला लागली. कोपरापर्यंत गांध्या उठल्या. लाल लाल, खाजऱ्या. मानेवरही. मी सवयीने स्वयंपाकघरात गेले, आमसुलाची बरणी काढली, आमसूल पाण्यात घातलं आणि कोळायला हात बुडवले. आणि तिथेच थांबले.

हे हात मी ओळखत होते. माझे नव्हते ते. दर श्रावणात मी हेच हात मांडीवर घेऊन चोळले होते.

हात पुसलेसुद्धा नाहीत. मग तशीच भिंतीपाशी गेले, हाक मारली. सूनबाई हात पुसत आली, माझे हात बघून म्हणाली, "अवो माय, काकू! कॅलामाइन आणू का?"

मी म्हटलं, "ते राहू दे. त्या दिवशी तू काय सांगून राहिली होती? काका असते तं काय?"

ती घाबरली, मी पुन्हा ओरडते की काय म्हणून. मग हळूच म्हणाली, "मी गच्चीवर कपडे वाळू घालाले जायची नं, तं दिसायचे मले. तुम्ही देवळात गेल्या का काका त्या रंगाच्या रिकाम्या बकेटीत चिमट्यानं एक-एक अळी टाकायचे. सगळी बकेट भरली का झाकण लावून तिकडं कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर सोडून यायचे. रोज. पूर्ण श्रावणभर. एकदा मी विचारलं बी, का काका, तिथं काय खातील त्या? तं म्हणे, ते त्याइचं त्याइनं पाहावं, माझ्या झाडावर नको."

"मले काहून नाही सांगितलं त्यांनी?"

"मले वाटलं तुम्हाले माहीत असन," ती म्हणाली. "मी म्हणणार होती त्या दिवशी, का बकेट मी धरते, आपण दोघी उचलू. पण तुम्ही..."

पण मी. हो.

मोरीच्या मागे ती बादली नेहमीच असायची. मी समजायची, झाडाला पाणी घालायची आहे. त्या दिवशी पहिल्यांदा झाकण उघडून बघितलं. झाकणाला खिळ्याने भोकं पाडली होती, त्यांना हवा मिळावी म्हणून. आत माझा चिमटा, गंजलेला. त्या चिमट्यासाठी मी ह्यांच्याशी दोन दिवस भांडले होते, नवीन आणावा लागला म्हणून. तेव्हाही हे हात पुढे करून गप बसले होते.

मला आधी राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. अवो, एकदा तोंड उघडायचं होतं! पित्त नाही, अळ्या आहेत, एवढे चार शब्द! मी काय खाल्लं असतं तुम्हाला? मग वाटलं, हो, खाल्लंच असतं. म्हटलं असतं, येडे झाले का, देवाचं सोडून किड्यांची पालखी काय उचलता? झाड तोडायलाच लावलं असतं मी. म्हणून ह्यांनी पित्त कबूल केलं, शेंगदाणे खाणं कबूल केलं, माझी बोलणी खाल्ली आणि झाड राखलं. ह्यांचा श्रावण 'जीव मारायचा नाही' एवढ्यावर थांबत नव्हता. मला तेवढाच माहीत होता, मी तेवढाच पाळला.

झाड पुढे फुटलं नाही. साल चहूकडून जळली होती, त्यात पाणी शिरलं, काळ्या मातीत मुळं कुजली. नवरात्रात एका पावसात ते शेजाऱ्यांच्या भिंतीवर कललं. नवरा आला, खाली मान घालून म्हणाला, "काकू, आता..." मी म्हटलं, तोडा. कापायच्या आधी वरच्या काही फांद्या काढून मी अंगणात खोचल्या होत्या. वाळल्या सगळ्या. मुनग्याला काही कौतुक लागत नाही, असं मीच वर म्हटलं आहे.

झाड कापलं त्या दिवशी मी कोरडी होते. सूनबाईच मोठमोठ्याने रडत होती. माझं रडून झालं होतं आधीच, मारबतीनंतरच्या दिवसांत. तिने कॅलामाइनची बाटली आणून दिली होती, ती मी उघडली नाही. आमसूलही चोळलं नाही. रात्रंदिवस हात खाजत होते, मी ते मांडीवर घेऊन बसत होते. मग एका सकाळी चहा करताना बघितलं, तर कातडी साफ. एकही गांधी नाही, जसं काही झालंच नव्हतं. हात पुन्हा माझेच होते.

तेव्हा मी ओट्यापाशी खाली बसले आणि मोठ्याने ओरडून रडले. ह्यांना नेलं त्या दिवशीही एवढी रडले नव्हते.